राखणदार मुंगूस आणि त्याची लेक

एका माळरानाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, एक मुंगूस आपल्या लेकीला घेऊन राहत असे. माळावर ससे होते, तितर होते, टिटव्या होत्या. सगळे उघड्या जमिनीवर संसार मांडणारे. पूर्वी तिथे नागांचा इतका सुळसुळाट होता की एका पावसाळ्यात तितरांच्या घरात एकही पिल्लू उरले नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून मुंगसाला बोलावून आणले आणि राखणीचे काम त्याच्यावर सोपवले. त्याने नाग मारायचे आणि माळाने त्याचे पोट सांभाळायचे, असे ठरले. ससे त्याच्यासाठी बोरे गोळा करून ठेवत, तितर नाकतोडे आणून देत, आणि ज्या अंड्यातून पिल्लू निघाले नाही ते कुठे पडले आहे हे टिटव्या त्याला स्वतःहून सांगत.

मुंगूस कामाला चोख होता. तो वाटेने निघाला की मोठे प्राणी बाजूला होत आणि लहान पिल्ले त्याच्या चालीची नक्कल करत त्याच्या मागून जात. त्याच्या लेकीला लहानपणापासून एकच ध्यास होता. मोठेपणी तिला बाबांचेच काम करायचे होते. मुंगसानेही तिला सगळे शिकवले. नागाचा वास कोणता आणि धामणीचा कोणता, मातीवरची रेघ ताजी की शिळी, झेप कधी घ्यायची आणि मान कुठे धरायची, हे तिला हळूहळू येऊ लागले. एकदा त्याने तिला सांगितले होते, "नागीण आपली सगळी अंडी एकाच जागी घालते आणि त्यांना सोडून लांब जात नाही. म्हणून अंडी दिसली की आधी मागे सरायचं. ती जवळच असते."

त्या माळावर एक रीत होती. पळस फुलला की वयात आलेली पिल्ले म्हाताऱ्या साळिंदराच्या खडकापाशी जमत आणि आपण पोटासाठी पुढे काय करणार ते सगळ्यांसमोर सांगत. त्या वर्षी एका सशाने सांगितले की तो नवी कुरणे शोधत हिंडणार. टिटवीची मुलगी म्हणाली की ती पाण्यावर पहारा करून ओरडून इशारा देणार. एका तितराने आपण ओढ्यात मासे पकडणार असे जाहीर केले, तेव्हा त्याला साधे पोहताही येत नाही हे त्याच्या आईनेच सांगून टाकले आणि सगळे हसले. मग मुंगसाची लेक पुढे आली. "मी माळाची राखण करणार," ती म्हणाली.

सगळे साळिंदराकडे बघू लागले. साळिंदर अगदी मायेने म्हणाले, "पोरी, दोन वर्षं झाली, माळावर एक नाग दिसला नाही. तुझ्या बापाने काम इतकं चांगलं केलं की आता राखणदाराची गरजच उरली नाही. तू दुसरं काहीतरी शीक." मग त्याने मुंगसाचे आभार मानले आणि येता पावसाळा संपेपर्यंत सगळे त्याला खाऊ घालतील, पुढे मात्र त्याने आपले आपण बघावे, असे सर्वांच्या वतीने सांगितले. मुंगूस मान खाली घालून उभा होता. लेकीला वाटले, बाबा काहीतरी बोलतील. तो बोलला नाही.

पुढचे दिवस मुंगसाला फार जड गेले. बोरे कधी येत, कधी येत नसत. त्याचे त्याला तितके वाटले नाही. पण वाटेत समोरून येणारे बाजूला होईनासे झाले, आणि एके दिवशी सशाच्या एका पिल्लाने आपल्या आईला त्याच्यादेखत विचारले की हा कोण. ते त्याला लागले. लेक मात्र ओढ्यावर जाऊन खेकडे पकडू लागली होती आणि ते आपल्याला बऱ्यापैकी जमते हे तिच्या लक्षात आले होते. तिने कौतुकाने दोन खेकडे बापापुढे ठेवले. त्याने ते खाल्ले नाहीत. "तू खेकडे धरायला जन्मली नाहीस," एवढेच म्हणून तो बाहेर निघून गेला.

उन्हाळ्याच्या शेवटी तो ओढा ओलांडून पलीकडे जाऊ लागला. परत येई तेव्हा त्याच्या तोंडाला माती लागलेली असे. तो खाणे शोधायला जात असेल असे लेकीला वाटले, आणि त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून तिने कधी विचारले नाही.

मग पाऊस आला, गवत वाढले आणि श्रावणातल्या एका सकाळी टिटवी ओरडली. सशांच्या वस्तीजवळ नागाचे वीतभर पिल्लू फणा काढून उभे होते. मुलांनो, नागाचे पिल्लू बोटाएवढे असले तरी त्याच्या दातात विष असतेच. पण टिटवीचा आवाज विरतो न विरतो तोच मुंगूस तिथे हजर झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने त्याचा निकाल लावला. साळिंदर खडकावरून खाली उतरून आले आणि आपली चूक झाली असे त्याने मोकळेपणाने कबूल केले. राखणीचे काम मुंगसाला परत मिळाले. त्याच्यानंतर ते त्याच्या लेकीकडे जाईल हेही तिथेच ठरले. त्या दिवशी मुंगसाच्या बिळाबाहेर इतके नाकतोडे येऊन पडले की लेकीला ते आत नेता नेता दुपार झाली. इतक्या आनंदात ती कधीच नव्हती.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तितरी आपल्या पिल्लांना घेऊन चरायला निघाली होती. सगळ्यात मागचे पिल्लू हाकेला आले नाही म्हणून ती वळली, तर ते आडवे पडलेले होते. त्याच्या पायावर दोन बारीक टिंबे होती, आणि शेजारच्या गवतातून नागाचे दुसरे पिल्लू सरपटत चालले होते. तितरीच्या ओरडण्याने मुंगूस धावत आला. त्याने नागाच्या पिल्लाला मारले, पण तितराच्या पिल्लासाठी आता काही करण्यासारखे राहिले नव्हते. तितरी त्याला चोचीने उठवून बसवू पाहत होती. मुंगूस दिवसभर तिच्या शेजारी बसून राहिला. आपल्या बाबांचे मन किती हळवे आहे, असे लेकीला वाटले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोधाला निघाली. दोन पिल्ले निघाली म्हणजे जवळपास अंडी असणार, आणि अंडी असतील तर नागीणही असणार. ती बाबांना सापडण्याआधी आपण शोधून काढावी, असे तिच्या मनात होते. सशांच्या वस्तीपाशी एका दगडाखाली तिला फुटलेले कवच सापडले. एकच. ती शिकवल्याप्रमाणे मागे सरली आणि बराच वेळ थांबली. नागीण आली नाही. आसपास तिची रेघही नव्हती. मग तितरीच्या चरण्याच्या जागेजवळ दुसरे कवच मिळाले. तेही एकटेच. आणि तिथून बऱ्याच अंतरावर, करवंदीच्या जाळीखाली, मातीत अर्धे पुरलेले एक आख्खे अंडे होते.

ती गोंधळली. अशी एकेक करून, माळभर विखरून, कोणती नागीण अंडी घालते? ती अंड्याजवळ गेली आणि तिने ते हुंगले. ओल्या मातीचा वास आला. त्याखाली नागाचा वास होता. आणि त्याच्याही खाली आणखी एक वास होता, जन्मल्यापासून ज्या वासाला बिलगून ती झोपत आली होती तो. अंड्याच्या दोन्ही बाजूंना दातांचे पुसट ठसे होते. इतके हलके, की ज्याने ते आणले त्याने कवचाला तडासुद्धा जाऊ दिला नव्हता.

ती तिथेच बसली. बाबांना हे अंडे सापडले असेल आणि त्यांनी नुसते तपासून पाहिले असेल, असे तिने स्वतःला समजावून पाहिले. मग त्यांनी ते फोडले का नाही, याचे उत्तर मात्र तिला देता येईना. पाऊस थांबून ऊन पडले होते. त्या उन्हात जाळीपलीकडून कोणीतरी येताना दिसले. तो तिचा बापच होता. तो थेट त्या जाळीकडेच येत होता आणि तिला पाहून थबकला.

"बाबा, हे अंडं तुम्ही इथे ठेवलंत का?" तिने विचारले.

मुंगसाने आधी मागे वळून पाहिले, मग डावीकडे, मग उजवीकडे. "हळू बोल," तो म्हणाला.

लेकीला उत्तर मिळाले.

मग त्याने सगळे सांगितले. ओढ्यापलीकडे एका नागिणीचे बीळ होते. ती बाहेर पडलेली पाहून त्याने एकेक करून सात अंडी उचलून आणली होती आणि माळावर सात ठिकाणी पुरली होती. पिल्ले निघाली की ती लोकांना दिसावीत आणि त्याने ती लगेच मारावीत, एवढाच त्याचा बेत होता. कोणाच्या केसाला धक्का लागू द्यायचा नव्हता. पहिल्या वेळी तसेच झाले होते, कारण तो पहाटेपासून त्या दगडापाशी दबा धरून बसला होता. दुसऱ्या वेळी मात्र तो दुसऱ्याच दगडापाशी बसलेला होता.

"एक साप दिसला असता तरी पुरलं असतं," लेक म्हणाली. "मग सात कशाला आणलीत?"

"एखादं नासलं असतं म्हणून," तो म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला, "मी हे तुझ्यासाठी केलं. तुला दुसरं काय येतं?"

"माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली.

सातांपैकी दोन फुटली होती. एक समोर होते. उरलेली चार आत्ताच जाऊन दोघांनी मोडून टाकावीत म्हणजे कोणाला काही कळणार नाही आणि विषय कायमचा मिटेल, असे मुंगसाने सुचवले. त्या क्षणी अंडी मोडणे सगळ्यात महत्त्वाचे आहे असे लेकीला वाटले, म्हणून ती निमूटपणे त्याच्यामागे गेली. जाळीखालचे अंडे त्यांनी मोडले. मग आणखी तीन मोडली. सातवे सापडेना. मुंगसाने खूण म्हणून एक पांढरा दगड लक्षात ठेवला होता, पण आता सगळीकडे पुरुषभर गवत माजले होते आणि दगड कुठे दिसतच नव्हता. तो कधी इकडे उकरी, कधी तिकडे. उन्हे कलायला लागली. शेवटी तो थकून म्हणाला की राहिलेले सकाळी शोधू.

"तोवर ते फुटलं तर?" लेकीने विचारले.

"मी आहे ना राखणीला," मुंगूस म्हणाला.

हे तो सहज बोलून गेला. वर्षानुवर्षे लोकांना तो हेच सांगत आला होता. पण ते ऐकून लेकीच्या अंगावर काटा आला. तिने एकदा बापाकडे पाहिले आणि ती साळिंदराच्या खडकाकडे धावत सुटली. मुंगसाने तिला हाक मारली. ती थांबली नाही.

थोड्याच वेळात सगळा माळ खडकापाशी गोळा झाला. लेकीने काही लपवले नाही. आपल्या बापाने काय केले, कशासाठी केले, किती अंडी मोडली आणि किती उरली, हे तिने जसेच्या तसे सांगितले, आणि पिल्लांना आधी खडकावर चढवा असे विनवले. तिचे बोलणे संपले तरी कोणी हलेना. ओरडणे हेच जिचे काम, त्या टिटवीने चोच उघडली, पण तिच्या गळ्यातून आवाज फुटला नाही. साळिंदराचे काटे आपोआप उभे राहिले होते, जणू शत्रू समोर उभा आहे. एक म्हातारा ससा पुन्हा पुन्हा म्हणत होता की पोरीचा काहीतरी गैरसमज झाला असेल, मुंगूस असे कसे करेल. तेवढ्यात मुंगूस स्वतःच मागून येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून म्हातारा ससाही गप्प झाला.

तितरी पुढे आली. "माझं पिल्लू गेलं तेव्हा तू दिवसभर माझ्या शेजारी बसला होतास," ती म्हणाली. ती ओरडली नाही की रडली नाही. खरेच तसे घडले होते का, हे विचारत असल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

मग सगळे एकदम भानावर आले. पिल्ले खडकावर चढवली गेली. मोठे एकमेकांना चिकटून गवत चाळत निघाले. सातव्या अंड्याची जागा टिटवीला सापडली. कवच फुटलेले होते आणि आत काही नव्हते. ओल्या मातीवर गवताच्या काडीएवढी बारीक रेघ होती. मुंगसाची लेक त्या रेघेवर नाक टेकवून चालू लागली. रेघ वळत वळत एका सशिणीच्या घरट्याकडे गेली. तिची दोन पिल्ले आदल्याच दिवशी जन्मली होती आणि गडबडीत ती तिथेच राहून गेली होती. ती एकमेकांवर मान टाकून झोपली होती, आणि त्यांच्या उबेला नागाचे पिल्लू वेटोळे करून बसले होते.

लेकीने आजवर एकही नाग मारला नव्हता. तिने श्वास रोखला, पंजा उचलला आणि शिकवल्याप्रमाणे मानच धरली. सशाचे एक पिल्लू झोपेत नुसते कुशीवर वळले. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कोणी शाबासकी दिली नाही आणि तिलाही ती नको होती. सशिणीने आपली पिल्ले तोंडात धरली आणि वळून न पाहता ती निघून गेली.

मुंगसाला कोणी मारले नाही, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. साळिंदराने त्याला एवढेच सांगितले की दिवस मावळायच्या आत ओढा ओलांड. तो निघाला तेव्हा सगळे वाटेतून बाजूला झाले, पूर्वी होत असत तसे. पण या वेळी आयांनी आपापली पिल्ले पाठीमागे ओढून घेतली होती. ओढ्यापाशी त्याने लेकीसाठी मान वळवली. ती जागची हलली नाही.

बरेच दिवस माळावर कोणी तिच्याशी बोलले नाही. ती ओढ्यावर खेकडे पकडी, खाई आणि एकटी राही. एके दिवशी तीच सशीण तिच्या बिळापाशी आली आणि राखणीचे काम तूच कर, असे सगळ्यांचे म्हणणे असल्याचे तिने सांगितले. लेक हो म्हणाली, पण खायला काही आणून देऊ नका, असेही तिने बजावले. मग ती घरोघर गेली. नागाचा वास कसा ओळखायचा, रेघ कशी वाचायची, दगडांचे ढीग आणि वाळल्या गवताच्या राशी घरट्याजवळ का ठेवू नयेत, हे तिने प्रत्येक आईला आणि प्रत्येक पिल्लाला शिकवले. साळिंदराला नवल वाटले. सगळ्यांना सगळे शिकवून टाकलेस तर पुढे तुला कोण बोलावणार, असे त्याने तिला विचारले.

"कोणी बोलावलं नाही, तर माझं काम नीट चाललंय असं मी समजेन," ती म्हणाली.

तितरीकडे जाताना तिचा पाय अडखळला होता. तितरीने सगळे ऐकून घेतले, रेघ पुन्हा एकदा काढून दाखवायला लावली, आणि बाकी एक शब्दही न बोलता ती आपल्या पिल्लांकडे वळली.

हिवाळ्यात लेक एकदा ओढा ओलांडून बापाला भेटायला गेली. तो एका झाडाच्या मुळाशी राहत होता आणि फार वाळला होता. तिने आणलेले खेकडे त्याने या वेळी खाल्ले. खाता खाता त्याने विचारले की माळावर त्याची कोणी आठवण काढते का. तिने खरे तेच सांगितले. कोणी काढत नव्हते. मग त्याने हळूच विचारले, "आणि साप? साप दिसतो का कुठे?"

लेकीने त्याच्या डोळ्यांत पाहिले. त्यांत काळजी होती की आशा, हे तिला ओळखता आले नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

"बरं झालं," मुंगूस म्हणाला. पण हे म्हणायला त्याला जरा उशीर लागला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या संकटावर ज्याचे पोट चालते, त्याने ते संकट संपावे म्हणूनच राबावे, आणि ज्या दिवशी ते संपू नये असे मनात येईल, त्या दिवशी ते काम सोडून द्यावे.